फळी उलटते तेव्हा पलीकडच्या टेकूवर काय घडते

दोन टेकूंवर आडवी ठेवलेली फळी, तिचा काही भाग एका टेकूच्या बाहेर आलेला आणि त्या मोकळ्या टोकाकडे सरकणारा माणूस, हे उदाहरण स्थितिकीच्या, म्हणजे स्थिर वस्तूंवरील बलांच्या शास्त्राच्या, जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. पदविकेच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना एक गोष्ट मला वारंवार दिसते. फळी कुठे उलटेल असे विचारले की बहुतेकांची नजर माणसाच्या पायांकडे जाते. मग ते दोन्ही टेकूंच्या प्रतिक्रिया (टेकू फळीला वर ढकलतात ती बले) काढायला घेतात, बलांचे एक आणि टॉर्कचे (बल गुणिले टेकूपासूनचे अंतर, म्हणजे फिरवण्याचा जोर) एक अशी दोन समीकरणे मांडतात, आणि माणसाची जागाही अज्ञातच असल्यामुळे तीन अज्ञात राशी व दोन समीकरणे अशा कोंडीत अडकतात. तिसरे समीकरण प्रश्नातच असते, फक्त ते शब्दांत दडलेले असते. उलटण्याच्या क्षणी पलीकडच्या टेकूवरचा भार शून्य झालेला असतो.

यामागचे कारण फार साधे आहे. नुसता खाली ठेवलेला टेकू फळीला वर ढकलू शकतो, पण तिला खाली ओढून धरू शकत नाही. माणूस बाहेर सरकत जातो तसतसा पलीकडचा टेकू कमी कमी ढकलतो, आणि ढकलणे शून्यावर आल्यानंतर त्याच्यापाशी देण्यासारखे काही उरत नाही. त्यापुढे समतोल राखायचा तर त्याला फळी खाली खेचावी लागेल, आणि ते त्याच्या स्वभावातच नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की जवळच्या टेकूभोवती टॉर्क घ्या. त्या टेकूची स्वतःची प्रतिक्रिया हिशोबातून आपोआप गळते, दूरच्या टेकूची शून्य आहे, आणि उरतात फक्त फळीचे वजन व माणसाचे वजन.

आकडे घेऊन पाहू. बांधकामावर परांचीसाठी वापरतात तशी ४ मीटर लांबीची, एकसारख्या जाडीची फळी घ्या. तिचे वजन २० किलो धरा. डावी घोडी, म्हणजे डावा टेकू, फळीच्या डाव्या टोकापासून अर्ध्या मीटरवर आहे आणि उजवी घोडी त्याच टोकापासून ३ मीटरवर, म्हणजे दोन घोड्यांमधले अंतर अडीच मीटर आणि उजवीकडे बाहेर आलेला भाग १ मीटर. फळीवर ६० किलो वजनाचा गवंडी उभा आहे. काटेकोरपणे बोलायचे तर वजन न्यूटनमध्ये आणि टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मांडायला हवा, पण दोन्ही बाजूंना गुरुत्वत्वरणाने सारखाच गुणाकार होत असल्यामुळे मी येथे किलो आणि मीटर यांचाच गुणाकार लिहितो.

फळीचा गुरुत्वमध्य टोकापासून २ मीटरवर, म्हणजे उजव्या घोडीच्या आत १ मीटरवर आहे. तिचे २० किलो वजन उजव्या घोडीभोवती २० किलो-मीटर एवढ्या टॉर्कने फळी खाली दाबून धरते. गवंडी घोडीच्या बाहेर जितके अंतर गेला असेल त्याला ६० ने गुणले की उलटवणारा टॉर्क मिळतो. दोन्ही समान होतात ते २० भागिले ६०, म्हणजे ३३ सेंटिमीटरवर. बाहेर एक मीटर फळी दिसते आहे, पण तिच्यावरची भरवशाची जागा एका ढांगेएवढीसुद्धा नाही. डाव्या बाजूचे गणित तर अधिक बोलके आहे: तेथे फळीचा गुरुत्वमध्य घोडीपासून दीड मीटर आत आहे, दाबून धरणारा टॉर्क ३० किलो-मीटर येतो, आणि ६० किलोचा माणूस अगदी टोकावर, अर्ध्या मीटरवर उभा राहिला तर उलटवणारा टॉर्कही नेमका ३०. एकाच फळीचे एक टोक त्या माणसाला जेमतेम पेलते आणि दुसरे अजिबात पेलत नाही, आणि खालून बघणाऱ्याला दोन्ही टोके सारखीच वाटतात.

आता गवंडी डाव्या घोडीवरून उजवीकडे चालत निघाला असे समजा आणि दोन्ही घोड्यांखाली वजनकाटे ठेवले आहेत अशी कल्पना करा. सुरुवातीला डावा काटा ६८ किलो दाखवतो आणि उजवा १२. गवंडी एक मीटर पुढे गेला की डाव्या काट्यावरचे २४ किलो उजव्या काट्यावर जातात, कारण ६० ला अडीचने भागले की २४ येतात. हा दर सगळ्या वाटेवर तोच राहतो. गवंडी उजव्या घोडीच्या बरोबर वर पोहोचतो तेव्हा डावीकडे फक्त ८ किलो शिल्लक असतात, आणि ८ भागिले २४ म्हणजे पुन्हा तेच ३३ सेंटिमीटर. मला ही दुसरी पद्धत अधिक आवडते, कारण उलटणे अचानक येत नाही हे तिच्यात दिसते. वाटेवरच्या प्रत्येक पावलाला डावी घोडी थोडी थोडी मोकळी होत असते. फक्त त्याचा आवाज होत नाही आणि फळीवर उभ्या असलेल्या माणसाला पायाखाली काही वेगळे जाणवत नाही. जाणवतच असेल तर ते डाव्या टोकापाशी उभ्या असलेल्या बिगाऱ्याला. त्याने त्या टोकाखाली हात घालून ते हलकेच उचलून पाहिले आणि ते सहज वर आले, तर गवंडी हद्दीपाशी आहे असे समजावे.

पाठ्यपुस्तकातल्या फळीवर फक्त माणूस असतो. खऱ्या फळीवर विटा आणि मसाल्याचे घमेलेही असते. आपल्याकडची साधी वीट सुमारे ३ किलोची असते. दोन घोड्यांच्या मधोमध, म्हणजे उजव्या घोडीपासून सव्वा मीटर आत, दहा विटा रचल्या तर त्यांचा दाबून धरणारा टॉर्क साडेसदतीस किलो-मीटर होतो. फळीचे २० त्यात मिळवले की साडेसत्तावन्न, आणि त्याला ६० ने भागल्यावर हद्द ९६ सेंटिमीटरवर, म्हणजे जवळजवळ टोकापाशी जाते. सकाळी काम सुरू करताना गवंडी टोकाजवळ उभा राहतो आणि फळी त्याला व्यवस्थित पेलते. त्यानंतर तो एकेक वीट उचलून भिंतीवर बसवू लागतो. प्रत्येक विटेबरोबर पावणेचार किलो-मीटर टॉर्क फळीवरून निघून जातो आणि सुरक्षित हद्द सव्वासहा सेंटिमीटर आत सरकते. गवंडी जागचा हललेला नाही, फळी हललेली नाही, घोड्या होत्या तेथेच आहेत, तरीही हद्द त्याच्याकडे सरकते आहे आणि ती सरकवण्याचे काम त्याचेच हात करीत आहेत. टोकापासून २० सेंटिमीटर आत, म्हणजे घोडीबाहेर ८० सेंटिमीटरवर तो उभा असेल, तर तिसरी वीट उचलली जाते तेव्हा हद्द ७७ सेंटिमीटरवर आलेली असते, आणि हिशोब तेथेच संपतो.

भरलेले घमेले बाहेरच्या भागावर ठेवले तर त्याचा परिणाम उलट दिशेने होतो. १५ किलोचे घमेले घोडीच्या बाहेर अर्ध्या मीटरवर असेल, तर दाबून धरणाऱ्या २० किलो-मीटरमधले साडेसात तेच खाऊन टाकते आणि माणसाला बाहेर जायला केवळ २१ सेंटिमीटर उरतात. यापेक्षाही फसवा प्रकार म्हणजे डाव्या घोडीपाशी बसलेला सोबती. ५० किलोचा मदतनीस डाव्या घोडीच्या वर बसलेला असला तर उजव्या घोडीभोवती त्याचा टॉर्क १२५ किलो-मीटर होतो, आणि गवंडी उजव्या टोकावर खुशाल नाचला तरी फळी हलणार नाही. पण चहा आला म्हणून तो सोबती खाली उतरला की १२५ एका क्षणात शून्य होतात. फळीवर उभ्या असलेल्या माणसाची पाठ सहसा त्याच्याकडे असते. फळीवरून कोणी उतरण्यापूर्वी सांगून उतरावे ही जुन्या गवंड्यांची शिस्त मला कोणत्याही सूत्राइतकी मोलाची वाटते.

एक बारकावा वर्गात सहसा राहून जातो. माणूस कुठे उभा आहे याला महत्त्व नसून त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य कोणत्या उभ्या रेषेत आहे याला आहे. पाय घोडीच्या वर ठेवून गवंडी पुढे वाकला आणि हातातली थापी लांब नेऊ लागला, की ती रेषा पावलांच्या पुढच्या भागाकडे सरकते. टेकूच्या बाबतीतही तसेच. घोडीचा माथा १० सेंटिमीटर रुंद असेल तर फळी त्याच्या मधल्या रेषेभोवती फिरत नाही, बाहेरच्या कडेभोवती फिरते. त्यामुळे आपल्याला ५ सेंटिमीटर पदरात पडतात, पण घोडीऐवजी वाळूची गोणी किंवा एकावर एक ठेवलेल्या सुट्या विटा असतील तर कडा दबते, ढासळते आणि ते पाच सेंटिमीटर हातचे जातात. मी स्वतः हिशोब करताना आतल्या बाजूचे अंतर घेताना हात आखडता ठेवतो आणि बाहेरच्या बाजूचे घेताना सढळ.

उलटणे सुरू झाल्यावर फळी पुन्हा आपणहून का सावरत नाही, हा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला होता आणि तो चांगला आहे. फळी थोडी कलली तर माणसाचे आडवे अंतर कमी होईल आणि टॉर्कही कमी होईल, असा तिचा तर्क होता. तो अर्धा बरोबर आहे. फळी कलल्यावर माणसाचे आडवे अंतर ज्या प्रमाणात कमी होते, त्याच प्रमाणात आतल्या बाजूच्या फळीच्या गुरुत्वमध्याचेही होते, कारण दोन्ही एकाच सरळ फळीवर आहेत. गुणोत्तर जसेच्या तसे राहते आणि वरचढ टॉर्क वरचढच राहतो. त्यातच माणसाचा गुरुत्वमध्य फळीपासून साधारण एक मीटर उंचीवर असतो. फळी ५ अंश कलली आणि माणूस तिच्याशी काटकोनातच राहिला, तर त्याचा गुरुत्वमध्य आणखी जवळजवळ ९ सेंटिमीटर बाहेर जातो. म्हणजे हद्द ओलांडल्यावर परिस्थिती दर क्षणी बिघडत जाते, आणि पाय घसरायला लागले तर हिशोब करायलाही कोणी थांबत नाही.

याच तत्त्वाचा उलटा उपयोग घरात करून पाहता येतो आणि तो मुलांना फार आवडतो. ३० सेंटिमीटरची पट्टी टेबलाच्या कडेवर आडवी ठेवावी आणि बाहेरच्या टोकावर दहा रुपयांचे एक नाणे असे ठेवावे की त्याची कड पट्टीच्या टोकाशी जुळेल. दहा रुपयांच्या नाण्याचे वजन ७.७१ ग्रॅम आणि व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे नाण्याचे केंद्र टोकापासून १.३५ सेंटिमीटर आत येते. मग पट्टी हळूहळू बाहेर सरकवावी आणि ती कलू लागते त्या क्षणी टेबलाची कड पट्टीच्या मध्यापासून किती अंतरावर आहे ते पाहावे. समजा ते अंतर ३.५ सेंटिमीटर आले. नाणे मध्यापासून १३.६५ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे कडेपासून १०.१५ वर, त्याला ७.७१ ने गुणून ३.५ ने भागले की पट्टीचे वजन सुमारे २२ ग्रॅम निघते. टेबलाची कड गोलसर असली की उत्तर बिघडते, म्हणून कडेऐवजी दुसऱ्या पट्टीची धार वापरलेली बरी. तरफेचा हा नियम इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने सिद्धतेसह मांडला होता, आणि त्यासाठी त्याला याहून अधिक साहित्य लागले नसते.

फळीवरचे गणित इमारतीत आले की त्याचे रूप बदलते, तत्त्व तेच राहते. खिडकीवरचा छज्जा हे सर्वांत ओळखीचे उदाहरण. भिंतीबाहेर ६० सेंटिमीटर आलेला, सरासरी १० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा छज्जा दर मीटर लांबीला सुमारे १५० किलोचा असतो. भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून त्याचा गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटरवर, म्हणजे उलटवणारा टॉर्क ४५ किलो-मीटर. त्याला धरून ठेवणाऱ्या लिंटेलची (खिडकीवरच्या आडव्या तुळईची) उंची १५ सेंटिमीटर आणि रुंदी भिंतीइतकी, म्हणजे २३ सेंटिमीटर असेल, तर त्याचे वजन दर मीटरला सुमारे ८६ किलो, आणि भिंतीच्या मध्यापर्यंतचे अंतर अवघे साडेअकरा सेंटिमीटर. टॉर्क आला १०. पंचेचाळीसासमोर दहा. वर भिंत नसेल आणि खालचे टेकू काढले तर तो छज्जा लिंटेलसकट खाली येऊ शकतो, हे यात स्पष्ट आहे. खऱ्या बांधकामात लिंटेलची टोके खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत गेलेली असतात आणि त्यांची मदत होते, पण ताज्या कामात त्या मदतीवर विसंबून राहण्याची माझी तयारी नाही.

वर विटांची भिंत चढली की दर मीटर उंचीला सुमारे ४३७ किलो वजन आणि ५० किलो-मीटर टॉर्क मिळतो. नुसता समतोल साधायला ७० सेंटिमीटर भिंत पुरते. नुसता समतोल म्हणजे मात्र पलीकडचा टेकू शून्यावर येऊन ठेपलेली स्थिती, आणि तेथे कोणीही थांबू नये. काँक्रीटसाठीचे भारतीय मानक ४५६, त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत, यासाठी थेट नियम देते: उलटवणाऱ्या बाजूच्या स्थायी भाराचा (बांधकामाच्या स्वतःच्या वजनाचा) टॉर्क १.२ पट आणि चल भाराचा (माणसे, सामान अशा येत्या-जात्या वजनाचा) १.४ पट धरावा, आणि सावरणाऱ्या बाजूचे स्थायी वजन मात्र ०.९ पटच मोजावे. आपल्या छज्ज्यावर दर चौरस मीटरला ७५ किलो चल भार धरला तर उलटवणारी बाजू ५४ अधिक १९, म्हणजे ७३ होते, तिला ०.९ ने भागले की ८१, त्यातून लिंटेलचे १० वजा केले की ७१, आणि भिंत लागते सुमारे १.४ मीटर. सत्तर सेंटिमीटरचे एकशे चाळीस झाले. प्रत्यक्षात वरच्या स्लॅबचे वजन यातला मोठा वाटा उचलते, पण ते स्लॅब पडल्यानंतर. सेंट्रिंगचे बल्ले दुसऱ्या कामावर हवेत म्हणून छज्ज्याखालचे टेकू लवकर काढण्याची घाई होते, तेव्हा हे वजन अजून वर आलेलेच नसते. भारांपेक्षा भार येण्याचा क्रम येथे अधिक महत्त्वाचा आहे आणि नकाशावर तो क्रम बहुधा लिहिलेला नसतो.

उंच इमारतींना बाहेरून रंग देण्यासाठी किंवा काचा पुसण्यासाठी गच्चीवरून सोडलेले झुले आपण शहरात रोज पाहतो. ते ज्या लोखंडी तुळयांना टांगलेले असतात त्याही मुळात आपल्या फळ्याच आहेत: एक टोक कठड्याबाहेर, दुसऱ्या टोकावर प्रतिभार, म्हणजे तोल राखणारे वजन. एका तुळईवर झुला, माणसे आणि दोर मिळून २५० किलो येतात, बाहेरचे अंतर ६० सेंटिमीटर आहे आणि आत प्रतिभारापर्यंतचे अंतर ३.६ मीटर आहे असे धरू. उलटवणारा टॉर्क १५० किलो-मीटर, आणि तुळईचे स्वतःचे वजन बाजूला ठेवले तर काट्यावरच्या समतोलासाठी ४२ किलो प्रतिभार पुरतो. अमेरिकेतील कामगार-सुरक्षेचे नियम मात्र उचल-यंत्राच्या निर्धारित भाराने होणाऱ्या टॉर्कच्या किमान चौपट क्षमता मागतात, म्हणजे येथे १६७ किलो. शिवाय यंत्र अडकून थांबेपर्यंत ताणले गेले तर येणाऱ्या टॉर्कची दीडपट यापेक्षा जास्त भरत असेल, तर तीच धरावी लागते. प्रतिभार म्हणून वाळू किंवा खडी यांसारखे वाहून जाणारे पदार्थ वापरायलाही त्या नियमांत मनाई आहे. गोणीला भोक पडले की प्रतिभार गच्चीभर सांडतो, आणि ते खाली लोंबकळणाऱ्या माणसाला कळण्याचा काही मार्ग नसतो.

या तुळईत मला सर्वांत धोक्याची वाटते ती किरकोळ सोय. भिंतीवरचा एखादा सज्जा आड येतो म्हणून कोणीतरी तुळई आणखी ३० सेंटिमीटर बाहेर ढकलतो. बाहेरचे अंतर ९० होते, आतले ३.३ मीटर उरते. टॉर्क २२५ झाला, समतोलाचा प्रतिभार ६८ झाला आणि चौपटीचा २७३. एका हाताच्या ढकलण्याने शंभरावर किलो वजन कमी पडले. प्रतिभाराचे ठोकळे मोजून ठेवणाऱ्याला ते मोजून ठेवल्याचे समाधान असते, पण त्याने ठोकळ्यांबरोबर कठड्यापासूनचे अंतरही मोजायला हवे.

टेकू ओढू शकत नाही असे मी सुरुवातीला म्हटले, ते सुट्या टेकूबद्दल. तो बांधून टाकला तर तोही ओढू लागतो आणि प्रश्नच बदलतो. आपल्या पहिल्या फळीचे डावे टोक घोडीला दोरीने करकचून बांधले आणि ६० किलोचा गवंडी उजव्या अगदी टोकावर, घोडीबाहेर एक मीटरवर गेला, तर उलटवणारे ६० वजा फळीचे २०, उरलेले ४० किलो-मीटर त्या दोरीला पेलावे लागतात. अडीच मीटरवर बांधलेल्या दोरीवर ओढ येते ती अवघी १६ किलो. काथ्याची चांगली दोरी एवढे सहज पेलते. मात्र ती दोरी ज्या घोडीला बांधली आहे तिचे वजन सोळा किलोपेक्षा जास्त हवे, किंवा घोडी स्वतः जमिनीला खिळलेली हवी. नाहीतर गाठ जागच्या जागी राहते आणि फळीबरोबर घोडीही उचलली जाते.